काखेत कळसा, पांझरेला वळसा

वाद पेटला तो ‘राज्यात प्रथमच’ या दोन शब्दांवरून.

जळगावात कृषी अभियंता म्हणून काम करणाऱ्या भाचीकडे एका कालव्यावरच्या शेतकऱ्यांसाठी पाणीवाटपाची व्यवस्था आखण्याचं काम आलं होतं. पाळी कशी लावायची, टंचाईत कुणाचं किती तोडायचं, देखरेख कुणी करायची, भांडण झालं तर निवाडा कुणी द्यायचा, हे सगळं ठरवायचं होतं. मसुद्याच्या पहिल्याच पानावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, की शेतकऱ्यांनी स्वतः चालवायची अशी व्यवस्था राज्यात प्रथमच उभी राहते आहे. भाची ते पान घेऊन धुळ्याला मामांकडे आली. मामा पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता, निम्मी नोकरी साक्री तालुक्यात झालेली.

“मामा, तासाभराच्या वाटेवर हे तीनशे वर्षं चालत आलंय आणि आम्ही म्हणतोय प्रथमच. यालाच काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना?”

“म्हणतात,” मामा म्हणाले. “पण कळसा काखेत आहे म्हणजे त्यात पाणीही आहे, असं समजू नकोस.”

भाचीला काय म्हणायचं होतं हे कळायला फड पद्धत नीट बघावी लागते. पांझरा, मोसम, आरम या तापी खोऱ्यातल्या नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, गावांनी बंधारे बांधले. सिंचनाची ही रीत तीन-चारशे वर्षं जुनी मानली जाते. बंधाऱ्यातून पाट निघतो, कुठे दोन किलोमीटरचा तर कुठे बारा. पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग, आणि जादा झालेलं पाणी काढून द्यायला सांडम. पाटाखालचं कायम बागायत साधारण चार तुकड्यांत वाटलेलं असतं. तो एकेक तुकडा म्हणजे फड. लहान फड दहा हेक्टरचा, मोठा दोनशेपर्यंत, बहुतेक शंभर-सव्वाशे हेक्टरचे.

खरी करामत पुढे आहे. एका फडात एकच पीक घ्यायचं. यंदा ऊस कुठल्या फडात, हंगामी पिकं कुठल्या, पडीक कोणता ठेवायचा, हे गाव ठरवतं आणि दरवर्षी फेरपालट होते. सगळ्या फडात एकच पीक असल्यानं सगळ्यांची पाण्याची गरज सारखी, म्हणून पाणी मोजायची गरज पडत नाही. शेतकऱ्यानं स्वतः पाणी घ्यायचं नाही, ते काम पाटकऱ्याचं. पिकाची राखण जागल्या करतो. पाटकरी, जागल्या यांचा मोबदला पूर्वी धान्यात दिला जाई. वर पंच. आणि या साऱ्याला आधार एका साध्या गोष्टीचा: शेतकऱ्याची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असते. नदीला पाणी कमी आलं, की एक फड सोडून द्यायचा. तोटा सगळ्यांना होतो आणि जवळपास सारख्या प्रमाणात होतो. पाटाच्या तोंडाशी असलेला खाऊन बसला आणि शेवटचा उपाशी राहिला, ही कालव्यांची जुनी व्याधी इथे जमिनीच्या मांडणीतच मोडून काढलेली आहे.

“आता २००५ चा कायदा बघा,” भाची म्हणाली. “शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन. पाणीवापर संस्था काढा, संचालक मंडळात चारीच्या तोंडाचे, मधले आणि शेवटचे असे तिन्ही भागांतले लोक घ्या. कशासाठी? शेवटच्या माणसाचं पाणी वरच्यांनी खाऊ नये म्हणून. जे आपल्याकडे जमिनीच्या वाटणीत बसवलेलं होतं, ते आपण कलमांत लिहिलं. आणि लिहिताना पाहिलं कुणाकडे? आंध्रनं १९९७ मध्ये कायदा केला तो पाहिला. त्याआधी फिलिपिन्सची उदाहरणं सगळीकडे सांगितली जायची. फिलिपिन्सच्या सरकारी खात्यानं मात्र १९७६ पासून सुरुवात केली ती त्यांच्याच गावांच्या सामुदायिक पाटांपासून. त्यांनी आपल्या घरात पाहिलं, आपण त्यांच्या घरात पाहिलं.”

“खातं आंधळं होतं असं म्हणायचंय का तुला?”

“१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये इथल्या जुन्या बंधाऱ्यांची नोंद आहे. म्हणजे कागदावर होतं. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्याच कामांत पांझरेवर दातर्तीला पाट पलीकडे नेणारा सायफन त्यांनी बांधला. म्हणजे डोळ्यांसमोरही होतं. मग विसरलं कोण?”

मामा या ठिकाणी हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. विश्वेश्वरय्यांचं नाव निघालं की त्यांच्या पिढीचे अभियंते सावरून बसतात. ते म्हणाले, “विसरले नाहीत. उलट त्यांनीच तर ते उचललं. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. क्षेत्राचे ठरावीक तुकडे, उसाला एक भाग, बाकीच्यात हंगामी पिकं, आणि फेरपालट. फड पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटतंच. तुला हवं होतं तेच झालं की. आयतं सापडलेलं घेतलं आणि मोठ्या कालव्यावर लावलं. मग ब्लॉकनं फडासारखी मुळं का धरली नाहीत? सांग.”

“कारण मंजुरी खात्याची होती. फडात गाव ठरवतं.”

“बरोबर. म्हणजे नकाशा उचलला, पण पंच नाही उचलता आले. ते खानदेशातून नीरेच्या कालव्यावर कसे न्यायचे? मी तेच म्हणतोय, माय. रचना उचलता येते, तिच्यामागची माणसं तिथंच नव्यानं उभी करावी लागतात. लोकांना वाटतं तेच काम दुसऱ्यांदा केलं. ते पहिल्यांदाच केलेलं असतं, दुसऱ्या जागी.”

मामांचा हा मुद्दा वजनदार आहे, आणि त्याला पुरावा हवा असेल तर धुळे जिल्ह्याबाहेर जायला नको. शिरपूर तालुक्यात २००४ च्या सुमारास भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून त्यांवर बिनदरवाज्यांचे बंधारे बांधायला सुरुवात केली. त्यामागे भूगर्भाचा विचार होता. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात वरचा मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही. तो थर भेदून पाणी मुरवणाऱ्या थरापर्यंत पोहोचायचं, हे त्या खोदाईचं कारण. विहिरींना पाणी आलं, राज्यभरातून लोक बघायला आले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हा शब्द तयार झाला. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झालं. त्यातही नाला रुंदीकरण आणि खोलीकरण जोरात झालं, पण बहुतेक महाराष्ट्र काळ्या कातळावर वसलेला आहे. तिथे पाणी धरून ठेवणारा झिजलेल्या मुरमाचा थर अनेक ठिकाणी पातळ असतो. तो खरवडून कातळाला लागलं की खड्ड्यात पाणी दिसतं, मुरत मात्र नाही, आणि शेजारच्या विहिरीतलं पाणी त्या खड्ड्याकडे सरकतं. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी या कामांतल्या अशास्त्रीयतेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. महालेखापरीक्षकांच्या २०२० मधल्या अहवालात साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या अभियानावर ताशेरे होते.

“आयत्या बिळावर नागोबा व्हायला कुणाला आवडत नाही?” मामा म्हणाले. “शिरपूरला खानापूरकरांनी आधी दगड-माती वाचली आणि मग यंत्र लावलं. नंतरच्यांनी यंत्र तेवढं उचललं. नव्यानं विचार करायचे कष्ट वाचवले, त्याची ही किंमत. तिथे कुणी चाक पुन्हा शोधलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो.”

भाची थोडा वेळ गप्प राहिली. तिनं दिलेलं उत्तर या संपूर्ण वादातलं सर्वांत नेमकं होतं.

“मामा, ते शिरपूर वापरणं नव्हतंच. शिरपूरला जाऊन कुणी विचारलं असतं, इथं का चाललं, कुठे चालणार नाही, तर पहिल्याच तासाला उत्तर मिळालं असतं, कारण ते तिथल्या लोकांना माहीत होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. मागच्यानं ठेच कुठे लागली हे विचारायचं असतं. पुढच्याच्या चपला घालून भागत नाही. मला फडाचा नकाशा नकोय. तीनशे वर्षांत त्यांना काय काय आपटलं, ते हवंय. पाटकऱ्यानं कुणाला झुकतं माप दिलं तर काय करायचे? फडात एकानं दुसरंच पीक लावलं तर? गाळ काढायला कुणी आलंच नाही तर? आम्ही हे सगळं आता आमच्या शेतकऱ्यांच्या जिवावर शिकणार. त्यात त्यांचे हंगाम जातील. पैसा किंवा माझा वेळ गेल्याचं मला वाईट वाटत नाही, कुणाचं तरी गव्हाचं पाणी चुकलेलं असेल त्याचं वाटतं.”

पुनरावृत्तीच्या चर्चेत बहुतेक वेळा श्रम वाया गेल्याचं बोललं जातं. भाचीनं बोट ठेवलं ते चुकांवर, आणि तिथेच तिची बाजू भक्कम होते. एखाद्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या भोगून शिकलेली गोष्ट शेजारच्या तालुक्यानं पुन्हा भोगून शिकावी, यात कसलंही स्वावलंबन नाही.

मामांनी पटलं असं म्हटलं नाही. त्यांनी वेगळीच बाजू काढली. अर्थशास्त्राचं नोबेल २००९ मध्ये मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या १९९० च्या पुस्तकात फिलिपिन्सच्या इलोकोस भागातल्या झांजेरा नावाच्या पाणी संस्थांचं वर्णन आहे. तिथेही क्षेत्राचे तुकडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक सभासदाला पाटाच्या तोंडाशी, मध्ये आणि शेवटी अशी तिन्हीकडे जमीन मिळते. पाणी कमी पडलं की एखादा तुकडा सोडून द्यायचा, नुकसान सगळ्यांत वाटलं जातं. म्हणजे हुबेहूब पांझरेकाठची युक्ती, मध्ये हजारो किलोमीटरचा समुद्र.

“त्यांनी आपल्याकडून घेतली नाही, आपण त्यांच्याकडून नाही,” मामा म्हणाले. “दोन ठिकाणी एकच शोध लागला. आता यातला कोणता फुकट गेला म्हणायचा?”

“कोणताच नाही. त्यांना एकमेकांची खबर लागायचा मार्गच नव्हता. आमच्या कार्यालयापासून साक्रीला मात्र एसटी जाते.”

या एका वाक्यात नको ती पुनरावृत्ती आणि रास्त पुनरावृत्ती यांतला फरक येतो. खबर मिळणं अशक्य होतं तिथे दुसऱ्यांदा लागलेला शोध हाही शोधच. खबर हाताशी असून विचारलंच नाही, तर तो हलगर्जीपणा.

मग बोलणं जळगावकडे वळलं, आणि तिथे दोघांची बाजू एकाच उदाहरणात अडकली. ठिबक सिंचनाची कल्पना जळगावची नव्हे. इस्रायलमध्ये सिम्चा ब्लास यांनी ती रूपाला आणली आणि १९६५ मध्ये नेताफिम ही कंपनी उभी राहिली. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगावात ठिबकचं काम सुरू केलं ते कल्पना पुन्हा शोधून नव्हे, तर जी होती ती घेऊन. म्हणून भाचीला ते आपल्या बाजूचं उदाहरण वाटत होतं. मामांनी मात्र हिशेब काढला: एक-दोन एकरांची शेतं, बेभरवशाची वीज, विहिरीच्या पाण्यातला गाळ आणि क्षार, त्यानं चोंदणारे ड्रिपर, एकरकमी पैसे नसलेला शेतकरी. यातलं काहीच तिकडून आयतं येणार नव्हतं. फिल्टर, नळ्यांची मांडणी, शेतात जाऊन शिकवणारी माणसं, अनुदानाची कागदपत्रं, हे सगळं इथे उभं करावं लागलं. केळीचंही तसंच. ग्रँड नैन ही जात बाहेरची, ऊतिसंवर्धनाचं तंत्र जगाला माहीत असलेलं, पण जुन्या पद्धतीनं दीड वर्ष घेणारी केळी साधारण अकरा-बारा महिन्यांत कापणीला आणायची तर रोपांना उन्हाची सवय लावण्यापासून खताच्या वेळापत्रकापर्यंत सगळं तापीकाठच्या उन्हात ठरवावं लागलं.

“तेच तर,” भाची म्हणाली. “कल्पना आयती घेतली म्हणून बाकीचं करायला ताकद उरली. आधी दहा वर्षं ड्रिपर शोधत बसले असते तर केळीपर्यंत पोहोचलेच नसते. आणि २००७ मध्ये त्यांनी इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा वाटा घेतला. घेणारा देणाऱ्याच्या घरात भागीदार झाला.”

“आणि मी म्हणतो, बाकीचं केलं म्हणून कल्पना टिकली.”

दोघंही खरं बोलत होते. पण जळगावचा धडा फडाला लावताना एक अडचण येते, आणि ती मामांनी शेवटपर्यंत राखून ठेवली होती. ड्रिपर पिशवीत घालून आणता येतो. फडाचं ज्ञान माणसांत असतं. मामांना साक्रीकडचा एक पाटकरी आठवत होता. हातात फावडं, पाटात उभा राहून पाणी पोटरीच्या कुठपर्यंत लागतं यावरून तो कोणत्या चारीला किती वेळ लागेल ते सांगे. गवत आणि चिखलाचा गोळा असा बसवायचा, की चारी बंद व्हायची आणि नंतर एका फावड्यात मोकळीही व्हायची. मामांकडे प्रवाह मोजायचं उपकरण होतं. दोघांचे आकडे फार लांब नसत. तो गेला तेव्हा त्याच्या जागी पाटकरी म्हणून कुणी आलं नाही.

“का नाही आलं?” भाचीनं विचारलं.

“कारण पाटाला भरवशाचं पाणी राहिलं नव्हतं. वर मालनगाव, जामखेली, लाटीपाडा ही धरणं झाली. पुढे अक्कलपाडा. नदीचं वाहणं बदललं. आणि फडात विहिरी झाल्या, त्यांवर मोटारी बसल्या. ज्याच्याकडे स्वतःचं पाणी, तो गावानं ठरवलेलं पीक कशाला घेईल? फडात एकानं कांदा लावला, दुसऱ्यानं कपाशी, की प्रत्येकाच्या पाण्याची वेळ वेगळी. मग पाटकरी काय करणार? जमिनीच्या वाटण्या झाल्या, विक्री झाली, प्रत्येक फडात प्रत्येकाची जमीन हेही उरलं नाही. काही ठिकाणी फड अजून आहे. बऱ्याच ठिकाणी पाट आहे, फड नाही. म्हणून म्हटलं, कळशात पाणी आहे का ते बघ.”

वाघाडचं उदाहरण त्यांनी इथे काढलं. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. मोसम आणि आरम यांचे फड त्याच जिल्ह्यात. पण वाघाडनं फड घेतला नाही. पाणी मोजून घ्यायचं, संस्थेनं ते वाटायचं, आणि पीक ज्याचं त्यानं ठरवायचं. पुढे तिथे द्राक्षं वाढली. “एका फडात एक पीक हा नियम घेतला असता, तर द्राक्षाचा माणूस संस्थेत आलाच नसता,” मामा म्हणाले. “म्हणून त्यांनी नवं केलं. मला ते चुकलं असं वाटत नाही.”

भाचीचं याला उत्तर तयार होतं. वाघाडनं पीक मोकळं सोडलं, पण पाणी वाटणारा माणूस संस्थेचा ठेवला, शेतकऱ्यानं स्वतः दार उघडायचं नाही हा शिरस्ता ठेवला, टंचाईत सगळ्यांचं पाणी कमी करायचं हे तत्त्व ठेवलं. हे तिन्ही नियम फडातही आहेतच. ठाऊक असून घेतलं की नसताना सुचलं, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. आपल्या कालव्यावर हे तीन नियम पहिल्या दिवसापासून हवेत, तिसऱ्या वर्षी भांडणं झाल्यावर सुचायला नकोत, एवढंच तिचं म्हणणं.

“आणि टंचाईत कमी करायचं ते कसं?” मामांनी विचारलं. “फड सोडता येणार नाही. तुझ्या शेतकऱ्याची जमीन एकाच जागी आहे.”

“तासांत. जेवढं धरण कमी, तेवढे प्रत्येकाचे तास कमी.”

“शेवटच्या चारीला पाणी पोहोचायलाच दोन तास लागतात. त्याचे तास कोणते धरशील? तोंडाशी मोजलेले की शेतात पडल्यापासूनचे?”

भाचीनं वही काढली. या प्रश्नाचं उत्तर मसुद्यात नव्हतं. मामांनी सुचवलं, की पंचांना नियम विचारशील तर ते सगळे नियम नीट सांगतील, पाटकऱ्याला विचार की नियम कुठे कुठे वाकवावा लागायचा. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत जा. सालदारांचं साल तेव्हा बदलतं, त्यानंतर माणसं कामाला लागतात आणि बसून बोलायला कुणाला सवड नसते. आधी कुठे जायचं, यावर मात्र दोघांचं जमेना. भाचीला फड अजून चालतो ते गाव पाहायचं होतं. मामा म्हणत होते, आधी तो मोडला त्या गावात जा, तिथली माणसं आज पाणी कसं वाटून घेतात ते बघ, आणि मग ठरव तुला काय मागायचंय.